कौन्सिलचं डिस्क्रिशनरी ग्रँट (इंग्लंड): मंडळं आणि सभागृह चालवणाऱ्या चॅरिट्यांनी अर्जाआधी काय तपासावं

खतावणी | ३ जून २०२०, रात्री ९:४०

इंग्लंडमधल्या बऱ्याच कौन्सिलांचे डिस्क्रिशनरी ग्रँटचे (कोविडच्या तोट्यासाठी कौन्सिलने आपल्या विवेकाने द्यायच्या अनुदानाचे) अर्ज या नाहीतर पुढच्या आठवड्यात उघडताहेत. अनेक ठिकाणी मुदत जेमतेम दोन आठवड्यांची असेल. मराठी मंडळं, ज्येष्ठांची केंद्रं, वाचनालयं, वस्तीतली सभागृहं चालवणाऱ्या छोट्या संस्था अशा सगळ्यांच्या खजिनदारांसाठी हा धागा काढतोय. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या योजना वेगळ्या आहेत, त्यामुळे खालचं सगळं फक्त इंग्लंडपुरतं.

मार्चमध्ये दोन अनुदानं जाहीर झाली. पहिलं स्मॉल बिझनेस ग्रँट: ११ मार्च २०२० रोजी ज्या जागेला स्मॉल बिझनेस रेट रिलीफ किंवा रूरल रेट रिलीफ (बिझनेस रेट्स, म्हणजे व्यावसायिक जागेवरचा कर, यातली छोट्या किंवा खेड्यातल्या व्यवसायांची सूट) मिळत होता, तिला सरसकट १०,००० पाऊंड. दुसरं रिटेल, हॉस्पिटॅलिटी आणि लेझर ग्रँट: दुकानं, खानावळी, करमणुकीच्या जागा वगैरेंना, रेटेबल व्हॅल्यू (रेट्स ज्यावर आकारतात ते जागेचं ठरवलेलं मूल्य) १५,००० पर्यंत असेल तर १०,००० आणि १५,००० च्या वर पण ५१,००० च्या आत असेल तर २५,००० पाऊंड.

चॅरिट्या अडकल्या त्या पहिल्या अनुदानात. नोंदणीकृत चॅरिटीला १९८८ च्या लोकल गव्हर्नमेंट फायनान्स ॲक्टच्या कलम ४३ खाली बिझनेस रेट्समध्ये ८० टक्के सक्तीची सूट असते. ही सूट लागू झाली की स्मॉल बिझनेस रिलीफ लागत नाही. म्हणजे एकाच गल्लीत ९,००० रेटेबल व्हॅल्यूचं एक खासगी ऑफिस आणि त्याला लागून तेवढ्याच व्हॅल्यूचं चॅरिटीचं ऑफिस असेल, तर पहिल्याला १०,००० पाऊंड आणि दुसऱ्याला शून्य. एवढी वर्षं ज्या सवलतीने हात दिला तीच आता आडवी आली. हे अन्यायाचं आहे, आणि एप्रिलभर अनेक संस्था सरकारला हेच सांगत होत्या.

१ मे रोजी सरकारने आधीच्या निधीच्या ५ टक्के, म्हणजे ६१.७ कोटी पाऊंडांपर्यंत, जादा रक्कम कौन्सिलांना द्यायचं ठरवलं. नियमावलीत चार गटांना प्राधान्य द्या असं म्हटलंय: सामायिक ऑफिसांतले छोटे व्यवसाय, बाजारातले नेहमीचे गाळेवाले, कौन्सिल टॅक्स भरणारे बी-अँड-बी, आणि चौथा गट आपला: चॅरिटीची सूट घेणाऱ्या अशा जागा की ज्यांना ती सूट नसती तर स्मॉल बिझनेस किंवा रूरल रिलीफ मिळाला असता.

रक्कम २५,०००, १०,००० किंवा १०,००० च्या आतली कुठलीही. कुणाला किती ते कौन्सिल ठरवणार. समान अटी अशा: ११ मार्चला काम चालू असावं, ५० पेक्षा कमी कर्मचारी, जागेचा चालू स्थिर खर्च, कोविडमुळे उत्पन्नात लक्षणीय घट, आणि जागेची रेटेबल व्हॅल्यू किंवा वार्षिक भाडं ५१,००० च्या खाली. संस्था दिवाळखोरीत किंवा कंपनी-नोंदवहीतून नाव काढण्याच्या प्रक्रियेत असेल तर अपात्र.

अर्ज उघडायच्या आधी २०२०-२१ चं रेट्सचं बिल काढून समोर ठेवा. त्यातल्या तीन गोष्टी बघा: रेटपेयरचं (रेट्स भरणाऱ्याचं) नाव, रेटेबल व्हॅल्यू, आणि 'रिलीफ' या शब्दाच्या ओळी. पुढचा सगळा हिशोब त्या तीन ओळींवर ठरतो.

---

कलम४३ | ३ जून, रात्री ११:१५

खतावणी, मांडणी चांगली आहे, पण एका मुद्द्यावर आताच थांबवतो, कारण इथे लोक चुकीच्या दारात रांग लावतील.

सभागृह चालवणाऱ्या चॅरिटीने डिस्क्रिशनरीकडे जाण्याआधी दुसरं अनुदान, म्हणजे रिटेल-हॉस्पिटॅलिटी-लेझरचं, तपासावं. त्याला स्मॉल बिझनेस रिलीफची गरजच नाही. प्रश्न एवढाच की ती जागा वाढीव रिटेल डिस्काउंटच्या (दुकानं, खानावळी वगैरेंच्या यंदाच्या रेट्समाफीच्या) यादीत बसते का. त्या यादीत दुकानं आणि खानावळींच्या पुढे 'लोकांनी एकत्र जमण्याच्या जागा' असा गट आहे आणि त्यात सार्वजनिक सभागृहं, क्लबहाऊस, क्लब, संस्था ही उदाहरणं नाव घेऊन दिली आहेत. चॅरिटीची ८० टक्के सूट इथे आड येत नाही. कौन्सिलने उरलेली २० टक्केही त्याच कायद्याच्या कलम ४७ खाली (ऐच्छिक माफी) माफ केली असेल आणि बिल शून्य झालं असेल, तरी अपात्र धरू नये असं नियमावली स्पष्ट सांगते.

डिस्क्रिशनरी फंड हा आधीच्या दोन्ही अनुदानांना अपात्र असलेल्यांसाठी आहे. त्यामुळे पात्र सभागृहाने डिस्क्रिशनरीला अर्ज केला तर तो नाकारला जाणार, आणि त्या गडबडीत खरं अनुदान मागायचं राहून जाणार.

हिशोबाचं उदाहरण. रेटेबल व्हॅल्यू १३,५००. चॅरिटीची सूट घेणाऱ्या जागेला यंदाचा स्टँडर्ड मल्टिप्लायर (रेटेबल व्हॅल्यूच्या दर पाऊंडामागचा कर) ५१.२ पेन्स. पूर्ण बिल ६,९१२ पाऊंड. ८० टक्के सूट गेल्यावर १,३८२.४०. रिटेल डिस्काउंट लागू असेल तर यंदा तेही शून्य. बिलावर चॅरिटीची ओळ आहे पण रिटेल डिस्काउंटची नाही, आणि १,३८२.४० भरायला सांगितलेत, याचा अर्थ बहुधा असा की कौन्सिलच्या संगणकात जागेचं वर्णन 'हॉल' ऐवजी 'ऑफिस' किंवा 'स्टोअर' असं आहे. आधी रेट्स विभागाला लिहून डिस्काउंट लावून घ्या. तो लागला की अनुदानाचा दरवाजा आपोआप उघडतो.

---

उंबरठा | ४ जून, सकाळी ८:०५

कलम४३ यांच्या मुद्द्यात भर घालते. यादीतल्या वापराला 'संपूर्ण किंवा मुख्यतः' अशी कसोटी आहे. सभागृहाचे ७० टक्के तास भाड्याने चालणारी बालवाडी घेत असेल तर कौन्सिल म्हणेल की ही नर्सरी आहे. नर्सरींना रेट्सची वेगळी माफी आहे, पण त्या माफीसोबत हे अनुदान येत नाही.

म्हणून फेब्रुवारी २०२० चा एक साधारण आठवडा घ्या आणि बुकिंगच्या वहीतून तास मांडा. उदाहरणार्थ: बालवाडी १५ तास, योगवर्ग ६, भजन मंडळ ३, ज्येष्ठांची दुपार ४, शनिवार-रविवारची घरगुती समारंभांची भाडी १४, मराठी शाळा ३. एकूण ४५, त्यात बालवाडी एक तृतीयांश. एका पानाचा हा तक्ता ईमेलला जोडला की पुढच्या पाच प्रश्नांची उत्तरं त्यातच मिळतात.

एक अडचण गावाकडच्या सभागृहांची. इमारत पॅरिश कौन्सिलच्या (गावपातळीवरच्या कौन्सिलच्या) ताब्यात असून रेट्स तीच भरत असेल तर मिळणार नाही, कारण कर वसूल करणाऱ्या संस्था या सवलतीतून वगळल्या आहेत. पण इमारत पॅरिशची आणि ताबा, बिल, कारभार वेगळ्या चॅरिटी ट्रस्टकडे असेल तर मिळू शकतं. बिलावर नाव कुणाचं, हेच तिथे निर्णायक.

---

सोनचाफा | ४ जून, दुपारी १:२०

मंदिरांच्या संस्थांचं काय? प्रार्थनेच्या जागेला लागून सभागृह असतं, तिथे लग्नं, बारशी, वर्ग होतात. मार्चपासून सगळं उत्पन्न बंद आहे.

---

कलम४३ | ४ जून, दुपारी २:४५

सोनचाफा, इथे गाठ घट्ट आहे. प्रार्थनास्थळ म्हणून १८५५ च्या कायद्याखाली प्रमाणित झालेली जागा आणि तिच्याशी जोडून वापरलं जाणारं सभागृह हे बिझनेस रेट्समधून सूट मिळालेलं नसतं, ते मुळात रेट्सच्या यादीबाहेरच असतं. रेटेबल व्हॅल्यू नाही, बिल नाही, रिलीफ नाही. मार्चची दोन्ही अनुदानं यादीवर बेतलेली, म्हणून ती नाहीत. डिस्क्रिशनरीतला चॅरिटी गट 'चॅरिटीची सूट घेणाऱ्या' जागांचा, म्हणून शब्दशः तोही नाही.

पण वाट पूर्ण बंद नाही. चार गट ही किमान यादी आहे. स्थानिक गरज पाहून इतरांना देण्याचा अधिकार कौन्सिलला आहे. आपल्या कौन्सिलचं धोरण डाउनलोड करा आणि 'इतर' किंवा 'स्थानिक प्राधान्य' असा पाचवा गट आहे का ते पाहा. असेल तर अर्ज पूजा-दक्षिणेच्या घटीवर लिहू नका. सभागृहाचं भाडं, वर्ग, जेवणाच्या ऑर्डरी यांचं बुडालेलं उत्पन्न आणि इमारतीचा स्थिर खर्च यांवर लिहा, कारण योजना व्यवसायासारख्या उत्पन्नाचा तोटा भरण्यासाठी आहे.

काही संस्थांच्या आवारात दुकान किंवा वेगळी भाड्याची खोली स्वतंत्रपणे यादीत असते. व्हॅल्युएशन ऑफिस एजन्सीच्या (रेटेबल व्हॅल्यू ठरवणाऱ्या सरकारी खात्याच्या) संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून पाहा. तेवढ्या भागाला मार्चचंच अनुदान लागू असू शकतं.

---

टेम्सकाठ | ४ जून, सायंकाळी ६:३०

आणि ज्यांच्याकडे जागाच नाही ती मंडळं? लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारखी १९३२ पासूनची, स्वतःची वास्तू असलेली संस्था विरळा. बाकी बहुतेक मंडळं गणपती, दिवाळी, मराठी शाळा यांसाठी शाळांचे हॉल तासांवर घेतात.

---

खतावणी | ४ जून, रात्री १०:००

टेम्सकाठ, तासांवर हॉल घेणं हा 'जागेचा चालू स्थिर खर्च' धरला जात नाही, कारण कार्यक्रम रद्द झाला की तो खर्चही थांबतो. डिस्क्रिशनरीचा अर्ज अशा मंडळांनी शक्यतो करू नये. वेळ वाया जाईल. दोन अपवाद आहेत: वर्षभराच्या लेखी करारावर घेतलेली शाळेची खोली, आणि सामान ठेवायला घेतलेला गाळा किंवा कंटेनर. मखर, देखावे, ध्वनियंत्रणा ठेवायला मंडळं असे गाळे घेतात आणि त्याचं मासिक भाडं चालूच असतं. करार आणि बँकेतला भाड्याचा नियमित उतारा असेल तर काही शेकडा-हजारांची छोटी रक्कम मागता येते.

जागा नसलेल्यांसाठी खरा रस्ता नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंडाचा आहे. एप्रिलमध्ये अर्थमंत्री ऋषी सुनाक यांनी चॅरिट्यांसाठी ७५ कोटी पाऊंड जाहीर केले. त्यातले २० कोटी या फंडातर्फे कोरोनाव्हायरस कम्युनिटी सपोर्ट फंड म्हणून वाटले जाताहेत. ३०० ते १०,००० पाऊंडांचा साधा अर्ज आहे, त्यावर १,००,००० पर्यंतचा मोठा. पैसे सहा महिन्यांत खर्चायचे. एकट्या ज्येष्ठांना फोन, औषधं आणून देणं, शिधा पोचवणं, मराठीतून आरोग्याची माहिती, ही कामं त्यात नीट बसतात.

अर्ज कुठे फसतो ते सांगतो. समितीत किमान दोन माणसं अशी हवीत की जी एकमेकांशी रक्ताने, लग्नाने संबंधित नाहीत आणि एका पत्त्यावर राहत नाहीत. बँकेच्या सह्यांनाही तसंच. आपल्या मंडळांत अध्यक्ष आणि खजिनदार पती-पत्नी असणं अगदी नेहमीचं. त्यात गैर काही नाही, पण तेवढ्यावर अर्ज बाजूला पडतो. तिसऱ्या सदस्याची सही बँकेत आधी चढवा. शाखा कमी वेळ उघड्या असल्याने या बदलाला सध्या आठवडे लागताहेत, म्हणून अर्ज लिहायच्या आधी हे.

---

उंबरठा | ५ जून, सकाळी ७:५०

डिस्क्रिशनरीसाठी उत्पन्नाची घट कशी दाखवायची यावर लिहिते, कारण नकार बहुधा इथेच मिळतो.

'उत्पन्न पूर्ण थांबलं' असं वाक्य पुरत नाही. एप्रिल-मे २०१९ आणि एप्रिल-मे २०२० असे दोन स्तंभ करा. ओळी: भाड्याचं उत्पन्न, वर्गांची फी, कार्यक्रमांची तिकिटं, सदस्यवर्गणी, देणग्या, इतर अनुदानं. देणग्या आणि अनुदानं वेगळी ठेवा, कारण मे २०२० मध्ये एखादी मोठी देणगी आली असेल आणि ती भाड्यात मिसळली, तर घट दिसेनाशी होते. समजा २०१९ चं भाडं आणि फी मिळून ६,४०० होतं आणि यंदा ४००, तर घट ९३.७५ टक्के. हा आकडा अर्जात पहिल्या ओळीत टाका.

त्याखाली स्थिर खर्च, महिन्याचा. जमिनीचं किंवा इमारतीचं भाडं ८५०, विमा ११०, वीज-गॅसचा स्टँडिंग चार्ज आणि किमान ऊब ९५, अलार्म आणि अग्निशामकांची देखभाल ४०, फोन-इंटरनेट ३५. बेरीज १,१३०. तीन महिन्यांचे ३,३९०. पगार यात घालू नका, तो फर्लोतून (कोविडमुळे घरी बसवलेल्या कर्मचाऱ्यांच्या पगारासाठीच्या सरकारी योजनेतून) येतो. वापरावर वाढणारी वीज, साफसफाई, चहापाणी घालू नका. अधिकारी विचारतो की हॉल बंद असताना हा खर्च का, आणि एका चुकीच्या ओळीमुळे बाकीच्या ओळींवरचाही विश्वास जातो.

विमा थांबवून बचत दाखवायचा मोह टाळा. रिकाम्या इमारतीसाठी विमा कंपन्या साधारणपणे ठरावीक दिवसांनी आत फेरी मारून नोंद ठेवायला सांगतात, पॉलिसीत वाचा. नळही आठवड्याला सोडा. साचलेल्या पाण्यात लिजनेला जिवाणू वाढतो.

भाडं थकलं असेल तर घाबरून जागा सोडू नका. कोरोनाव्हायरस ॲक्टच्या कलम ८२ मुळे थकबाकीसाठी घरमालकाला ३० जूनपर्यंत व्यावसायिक भाडेकरार मोडता येत नाही. भाडं माफ झालेलं नाही, ते देणं राहतंच.

---

खतावणी | ५ जून, सकाळी ९:१०

फर्लोचा विषय निघाला म्हणून: ज्यांना अजून फर्लोवर घातलेलं नाही अशा रखवालदाराला किंवा कार्यालयातल्या माणसाला घालायचं असेल तर १० जून ही शेवटची तारीख. ३० जूनच्या आत तीन आठवडे पूर्ण व्हावे लागतात. फर्लो आणि कौन्सिलचं अनुदान दोन्ही एकत्र चालतात.

---

अंगणवेल | ६ जून, सायंकाळी ५:१५

अर्जात राखीव निधीचा रकाना आहे. बँकेत ४०,००० असतील तर अर्ज नाकारतात का? त्यातले २८,००० छपरासाठी देणगीदारांनी दिलेले आहेत.

---

खतावणी | ६ जून, रात्री ८:३५

अंगणवेल, ४०,००० असा एकच आकडा लिहिला तर बहुधा मागे पडाल. तोडून लिहा: एकूण ४०,०००. त्यातले २८,००० बांधील निधी, छपराच्या दुरुस्तीसाठी, देणगीदारांची पत्रं जोडली आहेत. मुक्त राखीव १२,०००. चालू स्थिर खर्च आणि पगारातला आपला वाटा धरून महिन्याला २,००० जात असतील तर हे सहा महिने पुरतील, असंही लिहा. संस्थेचं राखीव निधीचं लेखी धोरण असेल आणि त्यात 'तीन ते सहा महिन्यांचा खर्च' असं असेल तर ते जोडा. छपराचे पैसे देणगीदारांच्या संमतीशिवाय विमा-भाड्याला वापरायचे नाहीत हे विश्वस्तांना कायद्यानेच बंधन आहे, आणि अधिकाऱ्याला ते माहीत असतं. त्याला फक्त कागद हवा असतो.

कागदांची यादी मी एका फोल्डरमध्ये ठेवायला सांगतो: रेट्सचं बिल, भाडेकरार किंवा गहाणाचा उतारा, मार्च ते मेचं बँक स्टेटमेंट, चॅरिटी क्रमांक (कंपनी किंवा सीआयओ, म्हणजे चॅरिटीचा एक नोंदणी-प्रकार, असेल तर तोही), मागचे हिशोब, वरचे दोन तक्ते, विश्वस्तांच्या बैठकीचा ठराव आणि अर्जावर सही करणाऱ्याचा अधिकार. फाइलींची नावं साधी द्या. कॅमेऱ्याने तिरके काढलेले फोटो चालत नाहीत, फोनवरून पीडीएफ करा.

---

कलम४३ | ७ जून, सकाळी ११:००

स्मॉल बिझनेस रिलीफ 'मिळाला असता' या शब्दांत एक अट लपलेली आहे. एकापेक्षा जास्त जागा असलेल्या चॅरिट्या त्यात गळतात. मुख्य जागेव्यतिरिक्त कुठल्याही जागेची व्हॅल्यू २,८९९ च्या वर नसावी आणि सगळ्यांची बेरीज २०,००० च्या खाली, लंडनमध्ये २८,००० च्या खाली असावी. सभागृह १२,००० चं आणि शेजारच्या भागात चॅरिटीचं दुकान ६,००० चं असेल तर सभागृहाला तो रिलीफ मिळाला नसता, म्हणून प्राधान्य गटातून बाहेर. मात्र दुकानाला स्वतंत्रपणे रिटेल अनुदान लागू होतं, ते जागेगणिक मिळतं.

रेटेबल व्हॅल्यू बरोबर ५१,००० असेल तर नाही. ५०,९९९ असेल तर हो. आणि यादी ११ मार्चला जशी होती तशीच धरतात. नंतर व्हॅल्यू कमी करून घेतली, अगदी मागच्या तारखेने, तरी उपयोग नाही.

---

टेम्सकाठ | १९ जून, सायंकाळी ४:४०

अनेकांचे अर्ज 'नाव जुळत नाही' म्हणून परत येताहेत असं दिसतंय. बिलावर एखाद्या माजी विश्वस्ताचं नाव, बँक खातं संस्थेच्या जुन्या नावाने, आणि चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत तिसरंच.

---

कलम४३ | १९ जून, रात्री ९:२०

नियमावलीची भूमिका अशी की ११ मार्चला नोंदलेला रेटपेयर हाच पैसे घेणारा, पण नोंद चुकीची आहे असं दिसल्यास कौन्सिलने खरा रेटपेयर शोधायचा. म्हणजे दुरुस्तीला वाव आहे. एकच पत्र पाठवा, त्यात क्रमाने: बिलावरचं नाव कुणाचं आणि ती व्यक्ती विश्वस्त म्हणून संस्थेच्या वतीने नोंदली गेली होती, विश्वस्तनाम्याचं किंवा घटनेचं पान, नाव बदलल्याचा ठराव, रेट्सचा हप्ता संस्थेच्याच खात्यातून गेल्याचे दोन उतारे. हा शेवटचा पुरावा सगळ्यात वजनदार. व्यक्तीच्या वैयक्तिक खात्यात अनुदान मागवू नका, 'नंतर वळतं करू' म्हणूनही नाही. फसवणूक तपासणीत ते लगेच वर येतं आणि वसुलीची नोटीस येते.

नकार आला तर? डिस्क्रिशनरीला कायदेशीर अपील नाही. पण बहुतेक कौन्सिलांकडे फेरविचाराची सोय आहे. धोरणाच्या कोणत्या कलमाचा गैरअर्थ लावला गेला ते दाखवून एक पान लिहा, भावनिक पान नको. त्यानंतर कौन्सिलची तक्रार-प्रक्रिया आणि शेवटी लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन (कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी). तिथे निर्णय पटला नाही एवढ्यावर काही होत नाही. स्वतःचं धोरण कौन्सिलने पाळलं नाही, हे दाखवावं लागतं.

---

सोनचाफा | २ जुलै, सकाळी १०:१०

अर्जातलं स्टेट एडचं (एकूण सरकारी मदत मर्यादेत असल्याचं) घोषणापत्र कसं भरायचं? युरोतले आकडे आहेत.

---

खतावणी | २ जुलै, दुपारी १२:३०

दोन रकाने असतात. डी-मिनिमिस (छोट्या मदतीची मर्यादा): तीन आर्थिक वर्षांत सगळी सार्वजनिक मदत मिळून २,००,००० युरोंच्या आत. किंवा कोविडची तात्पुरती चौकट: ८,००,००० युरोंच्या आत, पण ३१ डिसेंबर २०१९ ला संस्था आर्थिक अडचणीत नसावी. छोट्या चॅरिटीला पहिला रकाना पुरतो. मागच्या तीन वर्षांतली कौन्सिलची अनुदानं आणि रेट्सच्या ऐच्छिक माफीत डी-मिनिमिस म्हणून कळवलेली रक्कम यांची यादी करा, तारखांसह. फर्लो यात धरत नाहीत.

आणि पैसे आल्यावर हिशोबात: मंजुरीपत्रात विशिष्ट खर्चासाठी असं लिहिलं असेल तर बांधील निधी, नसेल तर मुक्त. रिटेल अनुदानाला खर्चाची अट नाही, ते मुक्त. मात्र एकूण उत्पन्न २५,००० च्या वर गेलं की त्या वर्षीचे हिशोब स्वतंत्र परीक्षकाकडून तपासून घ्यावे लागतात. एरवी १८,००० उत्पन्न असलेलं मंडळ १०,००० च्या अनुदानाने त्या रेषेच्या वर जातं. परीक्षक आत्ताच शोधून ठेवा.

---

उंबरठा | १४ नोव्हेंबर २०२०, सकाळी ९:००

धागा वर आणते. ऑगस्टअखेर ती तिन्ही अनुदानं बंद झाली. ५ नोव्हेंबर ते २ डिसेंबरच्या टाळेबंदीसाठी नवी रचना आहे. रेट्सच्या यादीतल्या, कायद्याने बंद कराव्या लागलेल्या जागांना लोकल रिस्ट्रिक्शन्स सपोर्ट ग्रँट: व्हॅल्यू १५,००० पर्यंत १,३३४ पाऊंड, त्यावर ५१,००० च्या आत २,०००, त्यापुढे ३,०००, चार आठवड्यांसाठी. सभागृहं बंद करायच्या यादीत आहेत. अन्नवाटप, बालसंगोपन, रक्तदान अशा परवानगीच्या कामांसाठी दार उघडं ठेवलं म्हणून पात्रता जात नाही, मुख्य वापर बंद असला पाहिजे.

अडचण आहे ती ४ नोव्हेंबरची. आदल्या दिवशी चालू असणं ही अट आहे. सभागृहांना ४ जुलैपासून उघडायची परवानगी होती. विश्वस्तांनी काळजीपोटी मार्चपासून कुलूप काढलंच नाही अशी बरीच सभागृहं आहेत, आणि त्यांना 'तुम्ही स्वेच्छेने बंद होतात' असं उत्तर मिळू शकतं. ऑक्टोबरमधली बुकिंगची नोंद, कोविड-धोक्याचं मूल्यांकन, सॅनिटायझर-फलकांची बिलं, पुढच्या बुकिंगचे ईमेल, जे असेल ते जोडा.

---

कलम४३ | १४ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

यादीबाहेरच्या संस्थांनी, म्हणजे मंदिरं आणि करारावर खोली घेतलेली मंडळं यांनी, ॲडिशनल रिस्ट्रिक्शन्स ग्रँटकडे बघावं. कौन्सिलला दरडोई २० पाऊंड मिळालेत. अडीच लाख वस्तीच्या कौन्सिलला ५० लाख, आणि ते पुढचं आर्थिक वर्ष संपेपर्यंत पुरवायचे आहेत. जूनमध्ये नकार मिळालेल्यांनीही नवं धोरण वाचावं, पुष्कळ ठिकाणी गट रुंद केले आहेत. जूनचा फोल्डर तयार असेल तर फक्त उत्पन्नाचा तक्ता ऑक्टोबरपर्यंत वाढवायचा.

---

अंगणवेल | १५ नोव्हेंबर, सायंकाळी ७:२५

मिळालेल्या अनुदानातला काही भाग महाराष्ट्रातल्या कोविड मदतीला पाठवता येईल का?

---

खतावणी | १५ नोव्हेंबर, रात्री ९:५०

बांधील अनुदानातून नाही. ते इथल्या जागेच्या खर्चासाठी आहे आणि तपासणीत परत मागितलं जाईल. मुक्त अनुदानाला खर्चाची अट नसली तरी 'आमचा स्थिर खर्च भागत नाही' असं लिहून घेतलेले पैसे बाहेर पाठवले, तर अर्जच खोटा ठरतो. तिकडच्या मदतीसाठी वेगळं आवाहन करा, वेगळ्या नोंदीत ठेवा, आणि संस्थेच्या उद्दिष्टांत परदेशातली मदत बसते का ते घटनेत पाहा.

तिकडे घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांबाबतचा भारतीय कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवीच. सप्टेंबरच्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायची आहे, जुन्यांना बदलायला मुदत दिली आहे. शिवाय एका संस्थेने घेऊन दुसरीला पुढे देणं आता बंद झालंय. म्हणजे मोठ्या संस्थेमार्फत गावातल्या छोट्या संस्थेला पोचवण्याची जुनी पद्धत चालणार नाही.

---

उंबरठा | ८ जानेवारी २०२१, सकाळी ८:४०

५ जानेवारीच्या घोषणेबद्दल: बंद जागांना एकरकमी ४,०००, ६,००० किंवा ९,००० पाऊंड, व्हॅल्यूचे टप्पे नोव्हेंबरचेच. हे नेहमीच्या टाळेबंदी अनुदानाच्या जोडीला आहे, बदली नाही. बऱ्याच कौन्सिला नोव्हेंबरचाच अर्ज वापरून थेट पैसे भरतील, पण नोव्हेंबरनंतर खजिनदार किंवा बँक खातं बदललं असेल तर आजच कळवा. जुन्या खात्यात गेलेली रक्कम परत येऊन पुन्हा निघायला वेळ जातो.